मामांची कावीळ आणि तिच्यामागचं स्वादुपिंड

मामांची कावीळ दुखत नव्हती. ताप नाही, उलटी नाही, पोटात कळ नाही. फक्त डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगभर खाज. साठी ओलांडलेल्या माणसाला अशी न दुखणारी कावीळ झाली तर पहिल्याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून घ्या. कुणी एवढंच वाचून थांबलं तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं. बाकीचं सगळं ज्यांच्या घरात हा आजार, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर, आधीच येऊन बसलाय त्यांच्यासाठी.

मामा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर, सोलापूर डेपोतून निवृत्त झाले. तरुणपणी बिडी होती, पण तुळशीची माळ घातली आणि ती सुटली. गेल्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याची जत्रा चालू असताना त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. त्याच्या काही महिने आधी आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. सडपातळ माणूस, घराण्यात कुणाला साखर नाही, आणि यांना अचानक मधुमेह निघाला. शिवाय खाणं तेच असून वजन उतरत होतं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, पथ्याने वजन उतरलं असं वाटायचं, आणि कुणालाही तसंच वाटलं असतं. नवीन मधुमेह निघालेल्या, पन्नाशीपुढच्या शंभर जणांत एखाद्यालाच पुढच्या तीनेक वर्षांत हा कॅन्सर सापडतो. त्यामुळे साखर निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र साखर नवी आणि वजनही उतरतंय, अशी जोडी असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगावं.

आमच्याकडे कावीळ म्हटलं की गल्लीभर वैद्य तयार होतात. शेजारच्या काकूंनी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावातली माळ सुचवली. गळ्यात घालायची, ती लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. काकूंचा जीव तुटत होता म्हणूनच त्या सांगत होत्या. पण विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. मामांच्या काविळीचं कारणच वेगळं होतं. ते ओळखायची खूण आत्यांनी बरोबर हेरली: शौचाचा रंग गेला होता, पांढुरका, मातकट झाला होता. पित्त आतड्यात उतरतं तेव्हा शौचाला रंग येतो. वाट अडली की तेच पित्त रक्तात चढतं, लघवीतून बाहेर पडतं आणि त्वचेत साठून खाज उठवतं. ही खाज साधी नसते. सकाळी आत्या चादर बदलायच्या तेव्हा त्यावर रक्ताचे बारीक ठिपके असायचे.

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, 14, त्यातलं बहुतेक ‘डायरेक्ट’ प्रकारचं, म्हणजे वाट अडल्यावर चढतं तसलं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, पित्ताशय तट्ट, आणि खडा कुठेच नाही. स्वादुपिंड मात्र पोटातल्या गॅसमुळे नीट दिसलं नव्हतं. सोनोग्राफीत हे नेहमीच होतं, त्यामुळे ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ काढू नये.

पोटविकारतज्ज्ञांनी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून फाईलमध्ये आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं, साधारण वीतभर लांब. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, शेपटी डावीकडे प्लीहेपर्यंत. अन्न पचवणारा रस आणि इन्शुलिन, दोन्ही तिथेच तयार होतं. यकृताकडून येणारी पित्ताची नळी या डोक्यातूनच आतड्यात उतरते. आणि त्याच्या अगदी मागे आतड्यांचं रक्त वाहून नेणारी मोठी शीर आणि मोठी धमनी. “या आजारात गाठ केवढी आहे यापेक्षा ती कशाला टेकलीय ते महत्त्वाचं,” असं ते म्हणाले. पुढच्या सगळ्या महिन्यांत प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक निर्णय मला या एका वाक्याच्या आधाराने कळत गेला. मामांची गाठ डोक्यात होती, तिने नळी दाबली आणि डोळे पिवळे झाले. शेपटीकडच्या गाठीला दाबायला जवळ काही नसतं. ती गुपचूप वाढते आणि बऱ्याचदा यकृतापर्यंत पोचल्यावरच सापडते. पाठीत दुखतं का, रात्री आडवं झाल्यावर वाढतं का, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं का, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कारण स्वादुपिंडामागे मज्जातंतूंचं जाळं असतं. मामांना तसं दुखणं नव्हतं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आलं होतं की दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकू, कावीळ उतरली की सीटी स्कॅन बघू. घरच्यांना ते ऐकायला बरं वाटलं, खाज तरी थांबेल. पण पोटविकारतज्ज्ञांनी क्रम उलटा ठेवायला सांगितला. आधी सीटी, मग स्टेंट. स्टेंट टाकल्यावर आजूबाजूला सूज येते, क्वचित स्वादुपिंडालाच सूज येते, आणि मग गाठ शिरेला चिकटलीय की ती नुसती सूज आहे हे चित्रात ओळखणं अवघड होतं. सीटीसुद्धा नेहमीचा नाही. शिरेतून औषध देऊन स्वादुपिंडासाठी ठरवलेल्या वेळांना दोनदा चित्रं घेतात, एकदा धमन्या दिसण्यासाठी आणि एकदा शिरा दिसण्यासाठी. चिठ्ठीवर तसं लिहून घ्यावं. पित्तात जंतू होऊन थंडी-ताप आला तर मात्र थांबायला वेळ नसतो, तेव्हा स्टेंट लगेच टाकावाच लागतो. मामांना ताप नव्हता, म्हणून आम्हाला तेवढी सवड होती.

सीटीचा रिपोर्ट मी त्या चित्राशेजारी ठेवून वाचला. धमनी मोकळी. शिरेला मात्र गाठ एका बाजूने टेकलेली. यकृतात काही नाही. अशा गाठीला काठावरची म्हणतात. काढता येईल असं वाटतं, पण आधी केमो देऊन ती आवरली तर स्वच्छ निघण्याची शक्यता वाढते. निदान होतानाच गाठ सरळ काढता येते असे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच असतात, हे तेव्हा कळलं. सीए 19-9 नावाची रक्ताची तपासणीही झाली, या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या एका पदार्थाची, आणि आकडा बघून माझ्या नवऱ्याचे हातपाय गळाले. डॉक्टरांनी समजावलं की कावीळ असताना हा आकडा उगीचच फुगतो. कावीळ उतरल्यावर जो येईल तो खरा, आणि पुढे तुलना त्याच्याशी करायची. काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ बनतच नाही, त्यांचा आकडा गाठ असूनही सरळ येतो.

मग दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने तुकडा घेतला आणि पित्तनलिकेत धातूचा स्टेंट बसवला. तुकडा घेण्याला घरातून विरोध झाला. सुई लागली की कॅन्सर पसरतो, हे प्रत्येक नातेवाईकाने सांगितलं. पण केमो द्यायची तर आधी आजार कोणता हे पक्कं हवं. अशीच दिसणारी गाठ कधी कधी वेगळ्याच, सौम्य आजाराची असते आणि तिचे उपचार पूर्ण वेगळे असतात. सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, आणि डोक्यातली गाठ काढताना तो भागही निघूनच जातो. थेट ऑपरेशनच करायचं असेल तर काही वेळा तुकडा न घेताही करतात.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. आणि घरात एकच ठराव झाला की मामांना सांगायचं नाही. पर्रीकर ज्या आजाराने गेले तोच हा, हे मामांनी बातम्यांत पाहिलेलं. त्यांनी धसका घेतला तर काय, असं प्रत्येकाला वाटत होतं. मला पटत नव्हतं. ज्या माणसाला महिनोन्‌महिने सुया सोसायच्या आहेत त्याला कशासाठी ते ठाऊक नको? शेवटी मामांनीच एका संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवलं. “काय होऊलालंय मला, ते मलाच सांगा की. गाडीला काय झालंय ते ड्रायव्हरला नको का सांगायला?” आम्ही सांगितलं. ते रडले, आत्या रडल्या. मग त्यांनी चित्र मागून घेतलं आणि शीर कुठली, नळी कुठली, बोट ठेवून विचारत बसले. त्या दिवसापासून फाईल त्यांच्या पिशवीत असते.

ऑपरेशन मुंबईला करायचं ठरवलं, परळच्या टाटामध्ये. हे ऑपरेशन जिथे वरचेवर होतं तिथेच करावं असं सगळ्या डॉक्टरांनी एकमुखाने सांगितलं, कारण ऑपरेशनइतकीच त्यानंतरची गुंतागुंत वेळेत ओळखणारी माणसं लागतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं, पहाटे दादरला उतरायचं. दादरलाच गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना तिचा मोठा आधार. टाटातल्या डॉक्टरांनी केमोचा आराखडा लिहून दिला आणि केमो सोलापुरातच घेतली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. त्यासाठी योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला गाठावं. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का ते पहिल्या दिवशीच बघा. मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं आणि तो वेळ हिशेबात धरायचा.

केमो चार औषधांची, दर चौदा दिवसांनी. गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत एक छोटी डबी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात. चारांतलं एक औषध पंपाने 46 तास त्यातून थेंबथेंब जातं. मामा तो पंप कमरेच्या पट्ट्यात अडकवून घरी यायचे. 2011 साली फ्रान्समधल्या अभ्यासानंतर ही केमो वापरात आली. त्याआधी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जेमसिटाबिन हे एकटं औषधच काय ते होतं. चार औषधांची ही केमो सगळ्यांना झेपत नाही, माणूस चालता-फिरता असावा लागतो. मामा होते.

या चारांत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं जे औषध असतं त्याचा विचित्र त्रास म्हणजे गार सोसवत नाही. गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, गार भांड्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या. आता सोलापूरचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. पारा बेचाळिसाच्या पुढे, फॅन गरम हवा फेकतोय, माठ समोर आहे आणि मामा कोमट पाणी पिताहेत. आत्यांनी माठ त्यांच्या नजरेआड, मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि स्वतःही कोमटच प्यायला लागल्या. ताक करायचं तेही साध्या पाण्यात, तासभर बाहेर ठेवून. फ्रीज उघडायचा तर कुणीतरी दुसऱ्याने. दर फेरीनंतर चार-पाच दिवसांत हा त्रास उतरायचा आणि पुढच्या फेरीला परत यायचा. थर्मामीटर उशाशी असायचा. 100.4 च्या वर ताप गेला की रात्र असो, रविवार असो, दवाखाना गाठायचा, घरातली गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सीटी झाला. गाठ आवळली होती, शिरेपासून सुटल्यासारखी दिसत होती, सीए 19-9 बराच खाली. तारीख मिळाली.

या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात, 1935 मध्ये ते मांडणाऱ्या अमेरिकन सर्जनच्या नावावरून. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा हे सगळं एकत्र काढतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा एकमेकांत गुंतलेला असतो. मग तीन जोड: उरलेलं स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, जठर आतड्याला. सकाळी आत नेलेले मामा दुपार उलटून गेल्यावर आयसीयूत आले. त्यानंतरचे दिवस आम्ही पोटातून नळीने बाहेरच्या पिशवीत जमणारं पाणी बघत काढले. सर्वांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. तो गळला तर त्याचा रस आजूबाजूचं पचवायला लागतो, म्हणून त्या पाण्यात अमायलेज, म्हणजे त्या रसातला एक घटक, किती आहे ते तपासतात. मामांचा जोड टिकला. जठर मात्र रुसलं. खाल्लेलं पुढे सरकेना, उलट्या व्हायला लागल्या, नाकातली नळी परत घालावी लागली. आम्ही घाबरलो होतो, पण नर्स रोज सांगायच्या की या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं जठर असं मंदावतं आणि हळूहळू चालू होतं. झालंही तसंच.

घरी आल्यावर खरी परीक्षा जेवणाची होती, आणि त्याबद्दल आम्हाला सर्वांत कमी माहिती होती. मामा खात होते तरी वजन उतरत होतं. पोट फुगायचं, शौचाला तेलकट, तरंगणारं, पाणी ओतलं तरी न जाणारं. आत्यांनी तेल बंद केलं, मग तूप, मग शेंगदाणे. उरली पेज आणि मुगाचं वरण. मामा आणखी वाळले. आहारतज्ज्ञ मॅडमनी ते सगळं उलटवलं. स्निग्ध पदार्थ तोडायचे नाहीत, ते पचवणारा रस बाहेरून द्यायचा. त्यासाठी पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल असतात. जेवणाला 25 हजार युनिटची एक पहिल्या घासाबरोबर, जेवण मोठं असेल तर आणखी एक मध्यावर. जेवण झाल्यावर घेतली तर ती अन्नात मिसळत नाही. गरम चहात फोडून तर कधीच नाही. दूध घेतलं, मूठभर शेंगा खाल्ल्या तरी कॅप्सूल लागते. शौचाकडे बघायचं आणि डॉक्टरांना विचारून मात्रा वाढवायची. एवढं साधं आहे, आणि एवढ्यावाचून माणसं कुपोषणाने खंगतात आणि घरचे समजतात की आजार उलटला.

अडचण वेगळीच निघाली. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मामा माळकरी, कांदा-लसूणही एकादशीला घरात नसतो. मॅडम म्हणाल्या, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एकदा सगळं खरं सांगायचं ठरवल्यावर इथे लपवणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. ते बराच वेळ माळेवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, “ऑपरेशनला रक्त चढवलं तेव्हा ते कुणाचं, हे विचारलं होतं का मी, पोरी?” आणि पाण्याचा पेला पुढे केला. प्रत्येकाचं उत्तर हेच असेल असं नाही, कुणाच्या श्रद्धेवर माझा निकाल नाही. पण विचारायचा हक्क ज्याचा त्यालाच आहे. महिन्याभरात वजन थांबलं, मग चढायला लागलं. कडक भाकरी वरणात कुस्करून, वर शेंगाची चटणी आणि त्यावर कच्चं तेल, हे ताट परत आलं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. साखरेसाठी इन्शुलिन आता कायमचं आहे.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, पण काही लसीकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, आजार होता. म्हणून उरलेली केमो पूर्ण केली. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, किती आशा धरायची? त्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आकडे दिले. ऑपरेशननंतर ही चार औषधांची केमो घेतलेल्यांतले निम्मे लोक साडेचार वर्षांहून अधिक जगले, एकट्या जेमसिटाबिनवर निम्मे तीन वर्षांच्या आसपास. हा आजार परत येतो, बऱ्याच जणांत येतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही त्यांच्यासाठीही करण्यासारखं खूप असतं: स्टेंट, केमो, पोटामागच्या मज्जातंतूंना इंजेक्शन देऊन वेदना बंद करणं, मॉर्फिन. मॉर्फिनला घाबरून माणसाला तळमळत ठेवणं मला निर्दयपणाचं वाटतं. वेदनाशामक उपचार मागून घ्यावेत, शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नये.

मामांची जनुकीय तपासणीही झाली. बीआरसीए या जनुकाचं नाव स्तनाच्या कॅन्सरमुळे माहीत असतं, पण त्यातला बिघाड स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही काहींत सापडतो, आणि सापडला तर औषधं बदलतात, मुलाबाळांचीही तपासणी लागते. आमचा रिपोर्ट निरंक आला. नवऱ्याने आणि नणंदेने सुटकेचा श्वास टाकला. नवऱ्याची सिगारेट त्याआधीच बंद झाली होती, कारण या आजाराच्या ज्या थोड्या कारणांवर आपला हात चालतो त्यांत तंबाखू पहिली.

सध्या दर तीन महिन्यांनी रक्त आणि ठरलेल्या अंतराने सीटी. बोटांतला बधिरपणा पुरता गेलेला नाही, शर्टाची बटणं आत्या लावून देतात. पुढची तारीख कार्तिकीच्या आठवड्यात येत होती. मामांनी डॉक्टरांना ती चार दिवस पुढे ढकलता येईल का म्हणून विचारलं, त्यांनी फाईल बघून हो म्हटलं.